मुलींचे सॉफ्टबॉल आणि प्रमाणपत्राचे अर्थकारण

कोणत्याही क्रीडामंडळाची घटना उघडून पाहिली, तर उद्दिष्टांचे कलम सर्वत्र जवळजवळ सारखेच आढळते. खेळाडूंचा सर्वांगीण विकास, खिलाडू वृत्तीची जोपासना, निकोप स्पर्धा, राष्ट्रीय एकात्मता. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी करावयाची, तर असे एखादे कलम लागतेच. बहुधा ते एका घटनेतून दुसरीत उतरवून घेतलेले असते. मंडळाचे खरे उद्दिष्ट मात्र तेथे सापडत नाही. ते सापडते जून-जुलैमध्ये मुलीला प्रथमच मैदानावर घेऊन आलेल्या पालकाच्या तोंडी. नांदेड असो की लातूर, पालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, याचे मार्क किती मिळतात?’

हा प्रश्न ऐकून नाक मुरडण्याची आपल्याकडील सुशिक्षितांची रीत आहे. खेळ खेळासाठी खेळावा, त्यात लाभाचा विचार आणू नये, असे आपण सहज म्हणून जातो. ज्यांचा महिन्याचा पगार ठरलेला आहे त्यांना तसे म्हणणे परवडते. ज्या घराचे वर्षाचे गणित लातूरच्या आडत बाजारातील सोयाबीनच्या भावावर बसते किंवा मोडते, त्या घराने मुलीचे रोजचे दोन तास मैदानाला द्यावयाचे ठरविले, तर त्या दोन तासांत तिच्याकडून घरी झाले असते ते काम आणि झाला असता तो अभ्यास बुडतो. अर्थशास्त्रात आम्ही याला संधी-परिव्यय म्हणतो. बाप तो शब्द वापरीत नाही इतकेच. हिशोब मात्र तोच करतो. तेव्हा मोबदल्याची चौकशी करणारा पालक अडाणी नव्हे, तो व्यवहारी आहे.

आणि मोबदला खरोखरच आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडू विद्यार्थ्याला स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळतात. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने राज्याच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवण्यात आले आणि १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याच्या अटी नव्याने बांधण्यात आल्या. या सवलतींचे वजन आमच्या भागात इतरत्रापेक्षा अधिक आहे. नांदेड, लातूर आणि धाराशिव हे तीन जिल्हे मिळून शिक्षण मंडळाचा लातूर विभाग होतो. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यातील २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले, त्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागातील होते. या शंभर टक्क्यांत कला आणि क्रीडा यांच्या सवलतीच्या गुणांचीही भर असते. अकरावीच्या प्रवेशयादीत जेथे दशांश टक्क्याने नाव वर-खाली होते, तेथे पाच-दहा गुणांना केवढे मोल येत असेल, हे शिक्षकांना सांगावयास नको.

मग सॉफ्टबॉलच का? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी बाजारपेठेचेच आहे. क्रिकेटमध्ये गर्दी आहे. कबड्डी, खो-खो यांत गावोगाव जुने, कसलेले संघ आहेत. सॉफ्टबॉल शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत आहे, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलींचे त्यात गट आहेत, आणि मन लावून सराव करणाऱ्या शाळा मात्र थोड्या. प्रवेश खुला आणि प्रतिस्पर्धी कमी, अशा ठिकाणी नवा उत्पादक जसा शिरतो, तसे मराठवाड्यातील हुशार क्रीडाशिक्षक या खेळात शिरले. त्यांत मला गैर काही दिसत नाही. मागास भागाने गर्दीच्या रस्त्याने न जाता आडवाटेने जावे, हे शहाणपणाचेच लक्षण आहे. हा खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात, मुष्टियुद्धाच्या हातमोज्याची मोट बांधून एका बंदिस्त सभागृहात सुरू झाला. भारतात तो १९६० च्या दशकात राजस्थानातील जोधपूरकडून पसरला. आणि शिवछत्रपती पुरस्काराच्या यादीत महाराष्ट्राच्या सॉफ्टबॉलपटूंची नावे आलेली आहेत. एवढी त्याची वाटचाल मार्कांच्या आशेवरच झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल, तथापि मार्कांवाचून ती नांदेड-लातूरपर्यंत पोहोचली असती असे म्हणणेही धाडसाचे होईल.

माझा मुद्दा निराळा आहे. प्रमाणपत्र हे मुलीला मैदानावर आणण्याचे उत्तम साधन आहे. ते मंडळाचे साध्य झाले की मात्र मैदानावर आलेली मुलगीच हिशोबातून निसटते. हे कसे होते ते समजण्यासाठी खेळ थोडा जवळून पाहावा लागेल.

नावात ‘सॉफ्ट’ असले तरी चेंडू मऊ नसतो. बारा इंच घेराचा, हातात धरला तर मुलीच्या बोटांत जेमतेम मावणारा, लागला तर निळे करणारा असा तो असतो. ‘फास्टपिच’ प्रकारात पिचर हात पवनचक्कीसारखा पूर्ण फिरवून तो खालून सोडते. मुलींच्या खेळात पिचरची पट्टी आणि होम प्लेट यांमध्ये ४३ फुटांचे, म्हणजे १३.११ मीटरचे अंतर असते. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या पिचर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने टाकतात. फलंदाज मुलीला चेंडू पाहून निर्णय करण्यास अर्धा सेकंदही मिळत नाही. बेस साठ-साठ फुटांवर, डाव सात, मैदानात नऊ जणी. चेंडू जमिनीवर पडून क्षेत्ररक्षक मुलीच्या हाती येईपर्यंत आणि तेथून पहिल्या बेसवर पोहोचेपर्यंत धावणारी मुलगी तीन-चार पावलांनी वाचते किंवा तेवढ्यानेच बाद होते. अंतरे अशी बेताने ठेवलेली आहेत की कोणाही एकीला एकटीने सामना मारून नेता येऊ नये. पिचरला कॅचर लागते, कॅचरला दुसऱ्या बेसवर वेळेत पोहोचणारी मुलगी लागते.

या खेळातील एक डाव मला विशेष लक्षणीय वाटतो. पहिल्या बेसवर आपली धावपटू उभी आहे. फलंदाज मुलगी बॅट फिरवीत नाही. ती आडवी धरून चेंडू नुसता पुढ्यात सांडते. त्याला ‘सॅक्रिफाइस बंट’ म्हणतात. ती स्वतः बहुधा बाद होते, पण तेवढ्या वेळात पुढची मुलगी दुसऱ्या बेसवर जाते. गुणलेखनाचा नियम असा की, ही तिची फलंदाजीची पाळी म्हणून मोजली जात नाही, त्यामुळे तिची सरासरी खाली येत नाही. स्वतःची पाळी दुसरीसाठी खर्च केल्याबद्दल दंड नाही, आणि नोंद मात्र आहे! सहकारी चळवळीवर वर्षानुवर्षे व्याख्याने देणाऱ्या आम्हा लोकांना इतकी नेटकी व्यवस्था बांधता आलेली नाही. घरात मुलीने भावासाठी पाळी सोडावी, हे आपल्याकडे नवे नाही. ते कोणी लिहून ठेवीत नाही. येथे ते मुलगी स्वतः, डावाचा भाग म्हणून, डोळे उघडे ठेवून करते आणि तिच्या नावावर ते जमा होते. या दोहोंतला फरक ज्या मंडळाने मुलींना समजावून दिला, त्याने घटनेतील उद्दिष्टांचे कलम कोरे ठेवले तरी चालेल.

आता प्रमाणपत्र या खेळाचे काय करते ते पाहू. निवड-चाचणीला उभ्या असलेल्या मुलीला ठाऊक असते की, जोरात मारणारी डोळ्यांत भरते. सीमारेषेबाहेर उभे असलेले वडील ‘मार!’ म्हणून ओरडत असतात. तिने बंट करावी तरी कोणत्या बळावर? त्याहून नाजूक गोष्ट पुढेच आहे. मैदानात नऊ जणी उतरतात, परंतु संघाच्या यादीत त्याहून पुष्कळ अधिक नावे असतात. आणि प्रमाणपत्र सर्वांना सारखेच. सातही डाव पिचिंग केलेली मुलगी आणि बाकावरून एकदाही न उठलेली मुलगी यांच्या कागदात फरक नसतो. राखीव खेळाडूंना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, रोज सराव करून बाकावर बसणारी मुलगी संघाचा आधारच असते. पण जेथे वस्तूला किंमत आहे आणि ती मिळविण्यास श्रमाची सक्ती नाही, तेथे फुकट्या स्वार उत्पन्न होतो, हा आमच्या शास्त्राचा प्राथमिक पाठ आहे. यादीतील शेवटच्या दोन-तीन जागांवर सर्वाधिक ताण येतो तो यामुळे. तेथे शिफारशी येतात, नातीगोती येतात, आणि कोठे कोठे याहूनही वाईट काही येत असेल. ट्रॅम्पोलिन आणि टम्बलिंग यांसारख्या अल्पपरिचित खेळांची बनावट प्रमाणपत्रे नोकरीसाठी वापरल्याची प्रकरणे मराठवाड्यात उघडकीस आली, तेव्हा सर्वांनी आश्चर्य व्यक्त केले. आश्चर्य वाटण्याचे काही कारण नव्हते. खेळाडू नसताना निघालेले प्रमाणपत्र हे या वाटेचे शेवटचे टोक आहे. वाट मात्र त्या बाकावरूनच सुरू होते.

याच हिशोबाचा दुसरा बळी म्हणजे पिचर. जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी दोन-तीन महिन्यांत चढावयाची असते. ज्या मुलीचा हात चालतो तिलाच सर शेवटपर्यंत टाकावयास लावतात, एका दिवसात दोन-दोन सामने. चेंडू खालून टाकावयाचा म्हणजे खांद्याला त्रास नाही, असा एक समज या खेळात सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. फास्टपिचमध्ये खांद्यावर येणारा ताण वरून फेकणाऱ्याच्या ताणाशी तुलना करण्याजोगा असतो, असे अमेरिकेतील अभ्यासांतून दिसून आले आहे. सोळाव्या वर्षी खांदा धरून बसलेल्या मुलीला संघाबरोबर प्रमाणपत्र मिळते. मंडळाचे वर्ष यशस्वी झालेले असते.

हे केवळ आपल्याच दारिद्र्याचे फळ आहे, अशी समजूत करून घेऊ नये. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने शासकीय पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करण्यास बंदी आली. त्यापूर्वी तेथील माध्यमिक शाळांतील खेळाडू मुली सुमारे ३ लाख होत्या. आज त्या ३० लाखांवर आहेत. त्या मागोमाग मुलींचे सॉफ्टबॉल क्लबही फोफावले. सुटीच्या दिवशी दुसऱ्या राज्यात सामने, खासगी मार्गदर्शक, महागड्या बॅटी. आणि या सर्वांमागे पालकांचा प्रश्न एकच: महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळेल का? ‘मार्क किती मिळतात’ याचेच ते डॉलरमधील भाषांतर होय. तेथील क्लबांनीही उद्दिष्टांची सुंदर पत्रके काढलेली असतात. जपानची तऱ्हा वेगळी. तेथे वरच्या दर्जाच्या संघांमागे कंपन्या उभ्या असतात आणि खेळाडू बहुधा त्या कंपनीच्या पगारपत्रकावर असते. खेळणे हेच काम आणि त्याचाच पगार. प्रौढ वयापर्यंत खेळत राहण्याची सोय त्यात आहे.

युकिको उएनो या जपानी पिचरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २० आणि २१ ऑगस्ट या दोन दिवसांत त्यांनी तीन सामन्यांत ४१३ चेंडू टाकले आणि जपानला सुवर्णपदक मिळाले. त्या पराक्रमाचे गोडवे आजही गायिले जातात. मला तो पराक्रम जितका थोर वाटतो तितकाच भीतिदायक. त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून वगळले गेले आणि तेरा वर्षांनी तोक्योत परत आले. २७ जुलै २०२१ रोजी जपानने अमेरिकेला अंतिम सामन्यात २-० असे हरविले. उएनो तेव्हा ३९ वर्षांच्या होत्या. परंतु या वेळी त्या एकट्या नव्हत्या. सहाव्या डावात वीस वर्षांच्या मिऊ गोतो यांनी त्यांच्या हातून चेंडू घेतला आणि सातव्या डावात उएनो परत येऊन सामना संपविला. सुरुवातीस खेळलेली मुलगी बाहेर गेली तरी तिला एकदा परत मैदानात येता येते, असा या खेळाचा नियमच आहे.

आपल्याकडे बाहेर गेलेली मुलगी परत येत नाही, हे खरे दुखणे आहे. चौदा वर्षांखालील गटात मैदान भरलेले दिसते. दहावीचा निकाल लागला, सवलतीचे गुण जमा झाले, की निम्म्याहून अधिक चेहरे पुन्हा दिसत नाहीत, असे कोणताही क्रीडाशिक्षक खासगीत सांगेल. काही मुली लातूरच्या ट्यूशन एरियात दिसेनाशा होतात. सकाळी सहापासून रात्रीपर्यंत वर्ग, मधे मेस आणि वसतिगृह. लातूर पॅटर्नने या भागाला आत्मविश्वास दिला हे मी नाकारीत नाही, पण त्याच्या वेळापत्रकात मैदानाला रकाना नाही. आणि काही मुली मांडवात दिसेनाशा होतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झाले होते. नांदेडला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होते. याचा अर्थ असा की सतरा वर्षांखालील गट आणि एकोणीस वर्षांखालील गट यांच्यामध्ये मुलींच्या बाबतीत केवळ दोन वर्षांचे अंतर नाही. तेथे एक दार आहे.

त्या दारापाशी उभे राहावयास प्रमाणपत्र उपयोगी पडत नाही, कारण ते तोपर्यंत मिळून चुकलेले असते. मुलगी पुढे खेळणार असेल, तिला जिल्ह्याबाहेर सामने असतील, तिच्यावाचून संघ अडत असेल, लहान मुली तिला ताई म्हणून तिच्याकडून पिचिंग शिकत असतील, तर घरातील बोलणे दोन वर्षे पुढे ढकलले जाण्याची निदान शक्यता असते. शेजारच्या धाराशिवचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. खो-खोपटू सारिका काळे यांनी हलाखीच्या परिस्थितीत खेळ चालू ठेवला. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्या क्रीडा अधिकारीही झाल्या. नोकरी आली ती टिकून खेळल्यामुळे. प्रमाणपत्र हे असे कष्टाच्या मागून येणारे वेतन असावे. आगाऊ उचल म्हणून घ्यावयाची ती वस्तू नव्हे.

म्हणून मुलींच्या सॉफ्टबॉल मंडळाने आपले वर्ष पदकांच्या संख्येवर मोजू नये, असे मला सुचवावेसे वाटते. पदके मोजण्यास सोपी असतात, म्हणून ती मोजली जातात. मंडळाने एक साधी वही ठेवावी. चौदाव्या वर्षी आलेल्या मुलींपैकी अठराव्या वर्षी किती जणी खेळत आहेत, एवढेच त्यात लिहावे, आणि ज्या गेल्या त्या कशामुळे गेल्या हेही. संघात एकच पिचर असेल तर तो मार्गदर्शकाचा दोष समजावा. यादीत नाव येण्यासाठी सरावाची हजेरी किती लागते ते हंगामापूर्वी फलकावर लावावे आणि हजेरीपत्रक कोणाही पालकास पाहू द्यावे. शिफारशीचे पत्र परत करण्यास त्याहून सभ्य उपाय मला दिसत नाही. बारावीनंतर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत गेलेल्या जुन्या खेळाडूंना सुटीत बोलावून लहान गटाचा सराव त्यांच्याकडे सोपवावा. मार्गदर्शक पुरुष असेल तर निदान एक बाई मैदानावर असावीच. मुलीच्या आईला अडचण विचारावयाची असते ती सरांना विचारता येत नाही.

शासनाकडे मागावयाचे ते थोडे आहे. १९८४ च्या दांडेकर समितीपासून आपण मराठवाड्याच्या अनुशेषावर बोलत आलो आहोत; सिंचन, रस्ते, वीज यांचे आकडे आम्हा प्राध्यापकांना तोंडपाठ आहेत. त्या चर्चेत मैदानातील मुलींच्या स्वच्छतागृहाचे नाव मी फारसे ऐकलेले नाही. काळ्या मातीच्या मैदानावर पावसाळ्यात, म्हणजे नेमके शालेय स्पर्धांच्या दिवसांत, बूट उचलवत नाही आणि उन्हाळ्यात भेगांत पाय अडकतो. मुरूम टाकून दाबलेला एक चौकोन, पाण्याची टाकी आणि कडी लागणारे दार, एवढ्याने तालुक्याच्या ठिकाणी हा खेळ चालतो.

उरला प्रश्न वेळेचा, आणि तो मंडळाच्या हातातला आहे. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त निम्मे तिकीट आहे. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना बारावीपर्यंत शाळेसाठी मोफत पास मिळतो. तरीही खेड्यातून येणाऱ्या मुलीचा सराव शेवटच्या गाडीवर अवलंबून असतो. साडेपाचला सुरू होणारा सराव शहरातील मुलींना सोयीचा आणि सरांनाही. सहाची गाडी चुकली तर बाहेरगावची मुलगी दुसऱ्या दिवसापासून येत नाही, आणि तिने खेळ सोडला असे आपण लिहितो. ज्या मंडळांत अशा मुली आहेत त्यांनी सरावाची वेळ ठरविण्यापूर्वी बसस्थानकावरील वेळापत्रक उतरवून आणावे.